तीन म्हणजे फर्स्ट क्लास

सरांच्या हातून दहापैकी सहा मिळणं म्हणजे काय, हे ज्याला कळायचं त्यालाच कळायचं.

ते आय.टी.आय.मध्ये फिटरचं काम शिकवायचे. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा मिळायचा, तो कानशीनं घासून घासून ठरलेल्या मापात आणायचा आणि सरांच्या टेबलावर ठेवायचा. सर तो खिडकीच्या उजेडात धरायचे, गुण्या लावून कोपरे बघायचे, व्हर्निअरनं चार ठिकाणी मोजायचे आणि तुकड्यावरच खडूनं आकडा लिहायचे. चार. साडेचार. पाच. दहा त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत, आठही नाहीत. साजगावकडच्या कारखान्यांतले जुने फोरमन नोकरी मागायला आलेल्याला एकच प्रश्न विचारायचे म्हणे, "सरांनी किती दिले?" सहा म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून कामावर ये.

माझ्या नवऱ्याला साडेसहा मिळाले होते. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, तेव्हा मला वाटलं सासूबाईंचा एखादा दागिना असेल. निघाला लोखंडाचा चौकोन. "हात लाव," तो म्हणाला, "धार लागतीये का कुठं?"

सर गेले त्याला आता दीड वर्ष झालं. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. नवऱ्याच्या घरात सासू होती, दोन म्हशी होत्या, तसे सर होते. रविवारी सकाळी कर्जतहून सहा आसनी रिक्षानं कडावला यायचे, फाट्यावर उतरून आमच्या घरापर्यंत चालत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी नाशिकला. कर्जतमध्ये दोन खोल्यांत एकटेच राहायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि ज्या खिशात लोक पेन ठेवतात त्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. ती पट्टी ते कुठंही काढायचे. मी भाकरी वाढली की भाकरीला नव्हे, पण एकदा सासूबाईंनी वाटीतल्या दह्याचं कौतुक केलं, "मास्तर, बघा कसं घट लागलंय," तर त्यांनी पट्टी दह्यात उभी करून बघितली. उभी राहिली. "बरोबर," म्हणाले आणि पट्टी पुसून खिशात ठेवली.

छान, मस्त, वाईट, भयंकर हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. कुणी असं काही म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "कशाच्या मानानं?" लग्नातून आलेल्या माणसानं जेवण बेकार होतं म्हणावं, तर कशाच्या मानानं? आमदार चांगला आहे, कशाच्या मानानं? माणसं वैतागायची. एका सासूबाईच अशा होत्या, की त्यांना त्या प्रश्नाचं काही वाटायचं नाही.

"मास्तर, आज लय उकडतंय."

"कशाच्या मानानं?"

"चुलीच्या मानानं कमी हाय, झाडाखालच्या मानानं जास्त हाय."

"हां. आता समजलं," सर म्हणायचे आणि खरोखरच समाधानानं मान हलवायचे.

नवऱ्याचा कारखाना बंद झाला त्या वर्षी आम्ही घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. आमच्या भागात तोपर्यंत दर दुसऱ्या शेताच्या बांधाला फार्महाउसची पाटी लागली होती. आमचं फार्महाउस नव्हतं, पोहण्याचा तलाव नव्हता. दोन खोल्या, अंगण, समोर भाताची खाचरं, थंडीत पोपटी. म्हणजे उलटं मडकं, आत वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला, वरून पेंढ्याचा जाळ. मुंबईच्या माणसांना ती खाण्यापेक्षा तिचे फोटो काढण्यात जास्त रस असायचा. नणंदेच्या मुलानं पनवेलहून येऊन आम्हाला ॲपवर टाकलं आणि निघताना सांगितलं, "मामी, फोटोबिटो सगळं ठीक हाय, पण ताऱ्यांशिवाय कुणी बघत नाय. मी देतो पाच. आपल्या ग्रुपवर सांगतो, सगळेच देतील."

तसे आठ जणांनी दिले. नणंदेच्या घरचे तीन, माझ्या माहेरचे चार आणि नवऱ्याचा एक मित्र. 'अप्रतिम ठिकाण'. 'स्वर्ग'. 'एकदा तरी भेट द्या'. त्यातल्या एकानंही त्या खोल्यांचं दार उघडून पाहिलं नव्हतं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्नात आहेर करतात, तसे तारे दिले. नंतर खरे पाहुणे आले. तीन कुटुंबं. त्यांनी पाच, पाच आणि चार दिले. आमच्या नावापुढे चार पॉइंट नऊ लागलं, एक निळा बिल्ला मिळाला आणि कर्जत शोधलं की पहिल्या पानावर आम्ही दिसू लागलो. डिसेंबरचे सगळे शनिवार भरले. मी फोन हातात घेऊन तो बिल्ला सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "हे कशाचं गं, टिकलीचं?"

जानेवारीत मला सुचलं, की सरांनाही राहायला बोलवावं. आनंद म्हणून बोलावलं असं आज म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर मला आणखी एक तारा हवा होता. पाचाचा.

सर फुकट राहायला तयार होईनात. पूर्ण भाडं देऊन शनिवारी दुपारी आले, रविवारी जेवून गेले. रात्रीची पोपटी खाल्ली, सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले. पट्टी किती वेळा बाहेर आली ते मी बघितलं नाही. जाताना म्हणाले, "सूनबाई, मी लिहितो." मी म्हटलं, "लिहा की सर."

त्यांचा अभिप्राय अजून तिथं आहे. मला तो पाठ आहे.

'खोली बारा बाय दहा. पलंग सहा फूट दोन इंच, माझी उंची पाच फूट सहा, त्यामुळे पाय बाहेर आले नाहीत. गरम पाणी बंबाचे, सांगितल्यापासून साडेचार मिनिटांत. संध्याकाळी साडेसहा ते आठ डास असतात, नंतर नसतात. तांदळाच्या चार भाकऱ्या खाल्ल्या, चारही सारख्या जाडीच्या. सकाळी ऊन माझ्या डोळ्यांवर येत होते. घरच्या बाईंनी न विचारता खुर्चीची दिशा बदलली. हे त्यांना कोणी शिकवलेले नसावे. न्हाणीघराच्या दाराची कडी पूर्ण बसत नाही. रस्त्याचा शेवटचा भाग खराब आहे, पण तो घरमालकांच्या हातात नाही, म्हणून त्याचे गुण कापलेले नाहीत.'

आणि वर तारे तीन.

दोन दिवसांनी नवऱ्यानं मला फोन दाखवला. चार पॉइंट नऊचं चार पॉइंट पंचाहत्तर झालं होतं. कागदावर बघितलं तर पावशेराचाही फरक नव्हता. पण बिल्ला चार पॉइंट आठच्या वरच्यांनाच मिळायचा. तो गेला. पहिल्या पानावरून आम्ही चौथ्या पानावर गेलो, आणि चौथ्या पानापर्यंत कोण जातं? फेब्रुवारीचे दोन शनिवार रिकामे गेले. नवरा खोपोलीत कुठं काम मिळतं का ते बघायला लागला. मी आठवडाभर मनात शब्द जुळवत राहिले आणि रविवारी सर फाट्यावरून चालत आले तेव्हा त्यांना अंगणातही येऊ दिलं नाही.

"सर, तीन का दिले?"

"वाचलंस ना?"

"वाचलं. इतकं चांगलं लिहिलंत, आणि तीन?"

"तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास आहे गं." त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. मी आभार मानायला थांबलेय असं त्यांना वाटलं असावं. "एक कडीचा कापला. एक मी कुणालाच देत नाही."

"तुमचं ते वर्कशॉपमध्ये. इथं तीन म्हणजे नापास. इथं चारसुद्धा नापास आहे, सर!"

"मग एक, दोन, तीन, चार ठेवलेत कशाला?"

मी आवाज चढवला. म्हटलं, बदला ते. बदलता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या घराचं नुकसान झालंय तुमच्यामुळं. नवरा मागून "अगं, हळू" म्हणत होता. सरांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "मी बाकीचे अकराही वाचले, सूनबाई. त्यातले आठ जण इथं आलेलेच नाहीत."

मी नवऱ्याकडे बघितलं.

"एकानं लिहिलंय, स्वर्ग. स्वर्गात कडी लागते का नाही, हे त्यानं बघितलं नाही. जे तीन खरे आले त्यांनी ती कडी बघितली असणार. सकाळी बघितली असणारच. त्यांनीही सांगितली नाही, वर तारे देऊन गेले." ते रागावले नव्हते. वर्कशॉपमध्ये वाकडा कोपरा दाखवावा तसं बोलत होते. "तुला बारा जणांनी मार्क दिले. तपासलं एकानं."

आणि चहा न घेता ते परत फाट्याकडे चालू लागले.

मी न्हाणीघरात गेले आणि कडी लावून पाहिली. बोटभर फट राहत होती. आम्ही घरची माणसं दार पायानं रेटून ठेवायचो, इतक्या वर्षांत ते लक्षातही येईनासं झालं होतं. त्या तिघांपैकी एक बाई ठाण्याहून दोन मुली घेऊन आली होती. तिनं पाच तारे दिले होते आणि जाताना माझा हात हातात घेऊन पुन्हा येते म्हणाली होती. ती पुन्हा आली नाही. कडीमुळंच आली नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी तिथं उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं, की पाच ताऱ्यांनी मला काहीही सांगितलेलं नाही. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी कडी बदलली.

नातेवाइकांना मी त्यांचे तारे काढून टाकायला सांगितले. का सांगितले ते मलाही नीट सांगता यायचं नाही. लाज वाटली होती हे खरं, आणि सरांना दाखवून द्यायचंही होतं, की बघा, तुमच्या नादानं आम्ही आता पुरते बुडतो. नणंद भडकली. "आमी चांगलं केलं ते पण चुकलं का तुमचं?" माझ्या भावानं फोन करून विचारलं, "ताई, दिले तसे काढायचे कसे ते कुठं माहीत हाय मला?" आठवडा लागला. शेवटी चारच अभिप्राय उरले. पाच, पाच, चार आणि सरांचे तीन.

आता गंमत ऐका. त्या ॲपवर पाचाहून कमी अभिप्राय असले तर तारे दाखवतच नाहीत. नावापुढे हिरव्या अक्षरांत 'नवीन' एवढंच येतं. आणि नवीन घरांना पुढे ढकलायचं असा त्यांचा काहीतरी नियम असणार, कारण आम्ही चौथ्या पानावरून एकदम वर आलो. मार्चमध्ये, परीक्षांच्या दिवसांत, चार बुकिंग आली.

हे सांगायला नवरा स्वतः कर्जतला गेला आणि सरांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. सरांनी अंगणात बसून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे घर चांगलं आहे हे माहीत असण्यापेक्षा घराबद्दल काहीच माहीत नसणं बरं." आणि हसले. सरांना मोठ्यानं हसताना मी तेव्हाच बघितलं. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तरांना काय झालं गं?"

त्या दिवसापासून ते या गोष्टीच्या मागे लागले. शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या आणि कर्जत-खालापूरच्या घरांचे, हॉटेलांचे, धबधब्यांचे अभिप्राय उतरवून काढायला बसले. एका रकान्यात तारे, दुसऱ्यात 'कशाला दिले'. रविवारी येऊन आम्हाला वाचून दाखवायचे. एका धबधब्याला एकानं एक तारा दिला होता, कारण पाणी नव्हतं. तो मे महिन्यात गेला होता. त्याच धबधब्याला दुसऱ्यानं एक तारा दिला, कारण पाऊस फार होता. एका बिचाऱ्या खानावळीला एक तारा मिळाला, कारण खालापूरच्या टोलनाक्यावर दोन तास गाडी अडकली आणि पोचेपर्यंत जेवण संपलं. एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून गेलो नाही, फोटो छान आहेत.' एकानं काहीच न लिहिता एक तारा दिला होता आणि सरांना त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त काळजी वाटायची. "याचं काय झालं असेल?" ते म्हणायचे. "काहीतरी झालंय."

"सूनबाई," वही मिटत ते एकदा म्हणाले, "हे घराचे मार्क नाहीत गं. हे त्या माणसाच्या रविवारचे मार्क आहेत."

दुसरं एक त्यांनी काढलं होतं. पाच तारे म्हणजे पाच फुटांची पट्टी आहे असं समज, म्हणाले, तर कर्जतमधली बहुतेक घरं शेवटच्या तीन इंचांत उभी आहेत. तीन इंचांत इतकी माणसं उभी केली तर कोण उंच आणि कोण बुटकं, हे कसं कळायचं? आणि सगळ्यात मोठी चूक त्यांच्या मते ही, की मार्क कोण देतो ते दिसत नाही. नाव दिसतं, पण ते कुणाचं? सदा पाच देणाऱ्याचा पाच आणि कधीच न देणाऱ्याचा पाच एकाच पोत्यात ओततात आणि भाग देतात. "माझे सहा चालायचे, कारण फोरमन मला ओळखायचे. मी आंधळा असतो तर तेही त्यांना माहीत असतं."

हे सगळं त्यांनी कंपनीला पत्र लिहून कळवलं. इंग्रजीत एक, मराठीत एक. मागणी साधी होती: प्रत्येकाच्या ताऱ्यांपुढे तो माणूस एरवी किती देतो ते छापा, आणि घराचे व रस्त्याचे गुण वेगळे विचारा. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत. खाली ओळ होती, 'आमचं हे उत्तर आपल्याला कसं वाटलं?' आणि पाच रिकामे तारे.

"किती दिले?" नवऱ्यानं विचारलं.

"एक. वेळेवर आलं त्याचा."

हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये एक गोष्ट घडली आणि सरांची वही बंद झाली. साजगावचा एक जण, त्यांचा जुना विद्यार्थी, आता ॲपवरची टॅक्सी चालवायचा. डोळे तपासायला पनवेलला जायचं म्हणून सरांनी गाडी मागवली होती, तर नेमका तोच आला. येताना त्यानं त्यांना आमच्याकडे सोडलं. मी त्यालाही चहाला बसवलं. कप खाली ठेवताना तो म्हणाला, "सर, एक बोलू का? रागावू नका."

"बोल की."

"गेल्या महिन्यात तुमी माझ्याच गाडीत बसला होता. कोण कितीचे तारे देतंय ते आमाला दिसत नाय, पण त्या दिवशी माझं एकच भाडं झालं होतं. तीन दिले तुमी."

"दिले. गाडी स्वच्छ होती, वळणावर गिअर बरोबर टाकत होतास. तीन दिले."

"मला ठाऊक हाय सर, तुमचे तीन म्हणजे काय. पण ॲपला कुठं ठाऊक हाय? रेटिंग खाली गेलं. चार दिवस गाडी बंद ठेवली माझी. प्रवाशांशी गोड कसं बोलायचं, त्याचा व्हिडिओ बघायला लावला."

"पण तू चांगली चालवतोस."

"मग तसं सांगायचं होतं ना, सर."

"तेच तर सांगितलं मी," सर म्हणाले. पण त्यांचा आवाज इतका खाली आला, की मला आतून पाणी आणायला जावंसं वाटलं.

तो गेल्यावर सरांनी त्याचा रिकामा कप उचलून माझ्याकडे दिला. मला माझं फेब्रुवारीतलं भांडण आठवत होतं. तेव्हा माझ्यापुढे ते ताठ उभे राहिले, कारण मी खोटी होते. हा खोटा नव्हता. यानं कुणाकडून तारे मागून आणले नव्हते, आणि सरांनी मोजलेलंही बरोबर होतं. दोघांचं बरोबर असून एकाची गाडी चार दिवस उभी राहिली होती. त्यानंतर सरांनी टॅक्सी मागवणं सोडलं. पनवेलला जायचं तर एस.टी.नं, स्टँडवर तासभर थांबून. मी विचारलं तर म्हणाले, "न मोजता मला राहता येत नाही, आणि मोजलं की कुणाच्या तरी पोटावर येतं. त्यापेक्षा बस बरी. बस विचारत नाही."

आमचं ठीक चाललं होतं. पुढे पाचवा, सहावा अभिप्राय आला, 'नवीन' गेलं आणि चार पॉइंट काहीतरी लागलं. बिल्ला परत मिळाला नाही. पण महिन्यात एखाददुसरा फोन असा यायचा, "डासांची वेळ लिहिलेलं घर तेच ना तुमचं?" ती माणसं संध्याकाळी पूर्ण बाह्या घालून यायची आणि कशाचीच तक्रार करायची नाहीत. एका काकांनी तर आल्या आल्या खुर्ची कुठं ठेवायची ते मलाच विचारलं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सरांना डेंग्यू झाला. पनवेलच्या एका दवाखान्यात सहा दिवस होते. मुलगी नाशिकहून येईपर्यंत आणि ती आल्यावरही दिवसाची पाळी माझीच होती. म्हातारपणाची हडकुळी मनगटं, शीर सापडायची नाही. दिवसपाळीला एक नर्स होती, नाझिया नावाची, नेरळकडची. पंचविशीची असेल. काम करताना तोंडानं सतत पुटपुटायची, "हां काका, झालं काका, आता नाय दुखणार," आणि ते दुखायचंच. सुई चुकली की तिचा चेहरा उतरायचा. पण ती पळून जायची नाही, दुसऱ्या कुणाला पुढे करायची नाही. खुर्ची ओढून बसायची, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत गरम करायची आणि पुन्हा शोधायची. सर सगळं बघत असायचे.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी एक मुलगी टॅबलेट घेऊन आली. "काका, आमच्या स्टाफबद्दल दोन मिनिटं. सिस्टर नाझिया, किती तारे?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

सरांनी विचारलं, "याचं पुढे काय करता?"

"महिन्याचा रिपोर्ट जातो, काका. त्यावर ड्यूट्या ठरतात. सिस्टर अजून कंत्राटावर आहेत."

"किती असले म्हणजे तिला त्रास होत नाही?"

ती मुलगी जरा घुटमळली. हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "पाचच लागतात, काका."

सरांनी चष्मा लावला. बोट उचललं आणि काचेवर धरून ठेवलं. मी ते बोट कित्येक वर्षं बघत होते, लोखंडाच्या कडेवरून फिरताना, दह्याची पट्टी पुसताना. त्यांनी पाचवा तारा दाबला. मग म्हणाले, "लिहायला जागा आहे का?"

"आहे, पण ते काही सक्तीचं नाही."

"मला आहे," सर म्हणाले. आणि पंधरा मिनिटं एकेक अक्षर शोधून लिहीत बसले. ती मुलगी दोनदा घड्याळाकडे बघून शेवटी पलंगाच्या कडेला टेकली. लिहून झाल्यावर तिनं वाचलं आणि गोंधळली. "काका, पाच दिलेत, आणि लिहिलंय सुई दोनदा चुकली?"

"पाच तुमच्या रिपोर्टाला. लिहिलंय ते तिला दाखवा."

मी मान वाकवून वाचलं. 'सहा दिवसांत सुई दोन वेळा चुकली. शीर बारीक आहे, त्यामुळे एक चूक तिची धरत नाही. चुकल्यावर खोटे कारण सांगितले नाही. हात गरम करून पुन्हा प्रयत्न केला. औषधाच्या वेळा बरोबर पाळल्या, मी घड्याळ लावून बघत होतो.'

त्या मुलीला काय वाटलं कोण जाणे, ती टॅबलेट घेऊन खरंच बाहेर गेली आणि नाझियाला घेऊन आली. नाझियानं उभ्यानंच वाचलं. मला वाटलं ती रडेल, किंवा चिडेल. मी तिच्या जागी असते तर चिडले असते. मी चिडलेच होते.

तिनं पुन्हा एकदा वाचलं. मग भुवया वर करून म्हणाली, "काका, दोनदा नाय. तीनदा चुकलीये मी. मंगळवारी तुमी तापात होता, तुमाला कळलं नाय."

सर उशीवरून सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, तेच माझ्या नवऱ्याला साडेसहा देताना आलं असेल का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

ती खुर्ची ओढून बसली. त्यांनी चादरीखालून हात काढून तिच्या पुढे धरला. मनगटापासून कोपरापर्यंत काळ्यानिळ्या खुणा होत्या. "ही रविवारची," ती म्हणाली. "ही बरोबर बसलेली," सर म्हणाले. "ही नाय, ही रक्त काढलेली." खाली रिक्षा थांबली होती, त्यांची मुलगी जिन्यावरून हाका मारत होती, आणि ती दोघं डोकी जवळ घेऊन, एकेका खुणेवर बोट ठेवत, सावकाश मोजत होती.